१२ किलो साल, अर्धा ग्रॅम औषध

"कॅन्सरवर औषध निघालं का हो?" नंदुरबारच्या एसटी स्टँडवर, तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर, पेशंटची फाइल मांडीवर घेऊन सुरतेच्या गाडीत बसलेल्या माणसांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याच्या मनात एकच औषध असतं. देवीची लस निघाली आणि देवी गेली, तसं काहीतरी. खरं उत्तर द्यायचं तर औषध निघालं नाही, औषधं निघाली. पुष्कळ निघाली, काही चांगली, काही बेताची, काही एका कॅन्सरवर चालणारी आणि दुसऱ्यापुढे निकामी ठरणारी. त्यांतल्या दोन मोठ्या औषधांच्या मुळाशी ज्या माणसाचे हात आहेत तो याच नंदुरबारात जन्मला, हे मात्र विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. सांगणाऱ्यालाही बहुधा नसतं.

मनसुख वाणी. जन्म २० फेब्रुवारी १९२५, नंदुरबार, तेव्हाचा पश्चिम खानदेश जिल्हा. मुंबई विद्यापीठातून १९४७ साली रसायनशास्त्राची पदवी आणि १९५० साली पदव्युत्तर पदवी. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली पीएच.डी., आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी. तिथे मनरो वॉल या वरिष्ठ रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी दोन झाडांतून दोन द्रव्यं वेगळी काढली, कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल. पहिल्यापासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं तयार झाली. दुसरं आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने अंडाशयाच्या, स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर जगभर दिलं जातं. १० एप्रिल २०२० रोजी, इकडे कोविडची पहिली टाळेबंदी चालू असताना, वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले.

हुतात्मा शिरीषकुमारांचं नाव नंदुरबारात पोराटोरांना पाठ असतं, आणि ते असायलाच हवं. वाणी त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे. पण त्यांचं नाव काढलं की समोरचा विचारतो, "कोणते वाणी? किराणावाले का?" यात कुणाचा दोष नाही. गोळी छातीवर घेतलेला मुलगा लक्षात राहतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं अर्क आटवत बसलेल्या माणसाची गोष्ट सांगायला अवघड, आणि ऐकायला त्याहून.

तरी ती सांगायलाच हवी, आणि आधी या जिल्ह्यात सांगायला हवी. त्याचं कारण गावचा अभिमान एवढंच नाही. मोलगीच्या किंवा धडगावच्या बाजारात गोणपाटावर मुळ्या, साली, वाळलेल्या शेंगा मांडून बसलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. एकेका मुळीचं नाव तो सांगतो, ती कशावर चालते ते सांगतो, पथ्य सांगतो. त्याचं सगळं ज्ञान खोटं, असं म्हणायची घाई मी करणार नाही. विंचू, हगवण, बाळंतपण, मोडलेलं हाड, यांत पिढ्यान्‌पिढ्या अशाच माणसांनी सातपुडा सांभाळला. सरकारी दवाखाना डोंगरावर चढला तो फार उशिरा. पण हाच माणूस "गाठीवरचं औषध" म्हणून पुडी बांधून देतो तेव्हा प्रश्न येतो. गाठ बोटाला जेमतेम लागत असते तेव्हा बाई पुडी घेऊन घरी जाते. चार महिन्यांनी दवाखान्यात येते तेव्हा गाठीने कातडी फोडलेली असते.

आणि हे डोंगरातल्या अडाण्यांचं काम, अशी शहरातल्या कुणी समजूत करून घेऊ नये. शिकले-सवरलेले लोक केमो अर्धवट सोडून गव्हांकुराचा रस पितात, लक्ष्मणफळ शोधत फिरतात, अंगणातल्या सदाफुलीची पानं चावतात. वर विचारतात, "शेवटी केमोची औषधंही झाडापासूनच केलेली ना? मग झाडच खाल्लं तर काय बिघडलं?"

प्रश्न चांगला आहे. मला तर तो या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. पुढच्या पानांत आहे ते बरंचसं त्याचंच उत्तर आहे.

२१ ऑगस्ट १९६२ रोजी आर्थर बार्कले हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या एका जंगलात पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या साली, फांद्या, फळं पिशव्यांत भरत होता. झाड बुटकं, वाढीला मंद, लाकूडतोड्यांच्या लेखी कचरा. मोठी झाडं तोडून झाली की हे उरलेलं जाळून टाकत. बार्कलेला कुणी भगताने हे झाड दाखवलं नव्हतं, कुठल्या पोथीतही त्याने वाचलं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने दिसेल त्या झाडाचा अर्क कॅन्सरवर तपासायची मोहीम काढली होती, आणि बार्कले तिचा हमाल होता, असं म्हटलं तरी चालेल. १९६० ते १९८१ या काळात त्या मोहिमेत एक लाखाहून जास्त अर्क तपासले गेले. त्यांतून पेशंटच्या शिरेपर्यंत पोचलेली औषधं अगदी मोजकी. त्यांतली दोन सगळ्यात मोठी एकाच प्रयोगशाळेतून निघाली, वॉल आणि वाणींच्या.

ती साल त्यांच्याकडे आली १९६४ साली. यापुढचं काम जवळून बघण्यासारखं आहे. साल दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, अर्क आटवायचा. खाली राहतो तो चिकट, काळपट गाळ पाण्यात आणि क्लोरोफॉर्ममध्ये घालून हलवायचा. काही द्रव्यं पाण्यात उतरतात, काही क्लोरोफॉर्ममध्ये. दोन्ही भाग वेगळे करून तपासायला पाठवायचे: कॅन्सरच्या पेशी कशाने मरतात, उंदराची गाठ कशाने आटते? ज्यात जोर दिसला तो भाग ठेवायचा, बाकीचा बाजूला. ठेवलेल्याचे पुन्हा भाग, पुन्हा तपासणी, पुन्हा वाट बघणं. काचेच्या नळ्यांच्या रांगेत एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत शेकडो वेळा द्रव सरकवायचा, म्हणजे एकमेकांशी साम्य असलेली द्रव्यं हळूहळू लांब होतात. उष्णता जास्त झाली तर द्रव्य बिघडतं, आम्ल लागलं तर मोडतं. १२ किलो वाळलेली साल आणि काड्या घेऊन ते बसले होते. शेवटी हाती आलं अर्धा ग्रॅम पांढरं चूर्ण.

अंगणातली सदाफुली चावणाऱ्याने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. सदाफुलीत खरोखरच औषध आहे. व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टीन ही दोन्ही औषधं त्याच झाडातून आली, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टीनने जे केलं ते फार थोड्या औषधांनी केलं असेल. पण एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. मूठभर पानांत औषध उपयोगाइतकं नसतं. पोटात जातो तो बाकीच्या अल्कलॉइडांचा मारा, आणि त्यात विष असतं.

अर्धा ग्रॅम मिळाल्यावरही ते नेमकं काय आहे हे कळायला काही वर्षं गेली. वॉल यांनी १९६७ मध्ये त्याला टॅक्सॉल नाव दिलं, पण रचना हाती लागत नव्हती. रेणू मोठा आणि वाकडातिकडा. क्ष-किरणांनी बघायचा तर चांगले स्फटिक हवेत, आणि ते होईनात. तेव्हा त्यांनी तो रेणूच दोन तुकड्यांत तोडला, तुकड्यांचे स्फटिक केले, आणि ड्यूक विद्यापीठातल्या अँड्र्यू मॅकफेल यांच्या मदतीने दोन्हींचे आराखडे काढून ते पुन्हा कागदावर जोडले. १९७१ साली तो शोधनिबंध छापून आला. लेखकांत पहिलं नाव वाणींचं.

आणि मग काहीच झालं नाही.

शोधाच्या गोष्टी सांगताना लोक ही वर्षं गाळतात, म्हणून मी इथे मुद्दाम थांबतो. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नव्हतं. साल काढली की झाड मरत होतं, आणि शंभर वर्षांच्या एका झाडाच्या सालीतून निघणारं औषध साधारण एका डोसापुरतं. शिवाय ते पेशींना मारतं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हाच्या इतर औषधांसारखंच असेल, असं धरून चालले होते. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी ते कोडं सोडवलं. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांची एक चौकट उभी राहते, काम झालं की ती मोडते, पुन्हा हवी तेव्हा पुन्हा उभी राहते. गवंडी परांची बांधतो आणि सोडतो तसंच हे. सदाफुलीची औषधं ही परांची बांधूच देत नाहीत. टॅक्सॉलने उलटं केलं: बांधू दिली, सोडू दिली नाही. बांबूंत अडकून पडलेली पेशी दुभंगत नाही आणि मरते. असं वागणारं द्रव्य तोवर कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून कपाटातल्या टॅक्सॉलकडे पुन्हा लक्ष गेलं.

पुढे माणसांवर चाचण्या सुरू झाल्या त्या १९८४ साली. औषध विरघळवायला एरंडेल तेलापासून केलेलं एक द्रव्य वापरलं होतं, आणि त्याचीच अ‍ॅलर्जी येऊन पेशंट कासावीस होऊ लागले. (एरंडेल आपल्याकडे घरोघरी, पण ते पोटात घेणं वेगळं आणि त्याच्यावर प्रक्रिया करून शिरेत सोडणं वेगळं.) काही ठिकाणी चाचण्या बंद पडायची वेळ आली. मग औषध सावकाश, काही तास चालणाऱ्या सलाइनमधून सोडायचं आणि आधी स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन द्यायचं असं ठरलं. आजही केमोच्या खोलीत हीच पद्धत आहे. १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून बातमी आली की दुसरं काहीच चालत नव्हतं अशा अंडाशयाच्या कॅन्सरच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के बायकांची गाठ आटली. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, स्तनाच्या कॅन्सरसाठी १९९४ मध्ये. बार्कलेच्या पिशवीपासून दवाखान्यातल्या बाटलीपर्यंत ३० वर्षं. टॅक्सॉल हे नाव तोवर एका कंपनीचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह झालं होतं, आणि ज्यांनी ते ठेवलं त्यांच्यासकट सगळ्या शास्त्रज्ञांना आपल्या निबंधांत पॅक्लिटॅक्सेल लिहावं लागलं. मला हे चीड आणणारं वाटतं.

झाडांचं पुढे काय झालं? युरोपातल्या यू झाडाच्या पानांत टॅक्सॉलच्या रेणूचा बराचसा भाग तयार मिळतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. पानं खुडली तर झाड जगतं. उरलेला भाग प्रयोगशाळेत जोडता येऊ लागला आणि जंगलावरचा भार उतरला. आपल्या हिमालयातल्या थुनेरचं, म्हणजे याच जातकुळीच्या झाडाचं, नशीब इतकं चांगलं नव्हतं. मागणी वाढली त्या वर्षांत त्याची साल आणि पानं ओरबाडून नेली गेली.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट आणखी वेडीवाकडी. ते एका चिनी झाडातून निघालं, १९६६ मध्ये रचना छापून आली, आणि उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर त्याने कमाल केली. म्हणून लगेच माणसांना दिलं. विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार करून दिला, आणि पेशंटच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या गुंडाळल्या. १९८५ मध्ये कळलं की डीएनएचा पीळ सोडवणारं जे एक विकर पेशीत असतं, त्याला हे द्रव्य जागीच जखडून ठेवतं. मग त्याच्या रेणूत थोडे फेरफार करून विरघळणारी, सोसवणारी भावंडं तयार झाली आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन अमेरिकेत मान्य झाली. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटला आज इरिनोटेकॅन लागतं ते या वाटेने आलेलं असतं.

यात महाराष्ट्राचा एक धागा आहे, तो मला फार आवडतो. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात हेच कॅम्प्टोथेसिन भरपूर आहे. नरक्या कोकणात आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटांत उगवतो. त्याला घाण वास येतो म्हणून जनावरंही त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. नंदुरबारच्या माणसाने अमेरिकेत बसून चिनी झाडातून जे काढलं ते आपल्याच डोंगरात वाढत होतं. त्याचं फळ काय मिळालं? नरक्याची तस्करी. सिंधुदुर्गात आणि कोल्हापूरच्या बाजूला नरक्याच्या लाकडाने भरलेले टेम्पो वनखात्याने पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे थोडे पैसे, आणि डोंगर उघडा.

"झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो" हे वाक्य या दोन कहाण्यांनंतर कुणी उच्चारू नये अशी माझी इच्छा आहे. यू हे युरोपात जुन्या काळापासून विषारी म्हणून प्रसिद्ध आहे. पॅक्लिटॅक्सेलने केस जातात, हातापायांना मुंग्या येतात. पोलक्याचं हूक लावता येत नाही, भाकरी थापताना पीठ हाताला कळत नाही, अशी तक्रार बायका करतात. ही किंमत मोजावी का, हे डॉक्टर आणि पेशंट मिळून ठरवू शकतात, कारण किती औषधाने किती फायदा आणि किती त्रास हे मोजून ठेवलेलं आहे. बाजारातल्या पुडीत आणि दवाखान्यातल्या बाटलीत मोठा फरक हाच आहे. पुडी घेतलेल्यांपैकी किती जगले, हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही.

एवढं टॅक्सॉल-पुराण सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने बघितलं तर गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा शोध टॅक्सॉल नाही, असं माझं मत आहे. तो शोध उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात लागला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ साली तिथल्या खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेत पकडायला कोणती तपासणी उपयोगी, हा प्रश्न होता. उत्तर २००९ मध्ये मिळालं: आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, न झालेल्या गटात ६४. तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणीच दिली नाही यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती गैरवाजवी नव्हती. पण ज्या बाईला दर तीन वर्षांनी शहरात जाणं शक्य नाही तिलाही एकदाच्या तपासणीने वाचवता येतं, हे जगाला मराठवाड्यातल्या खेड्यांनी शिकवलं. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर राहणाऱ्या बाईला याहून उपयोगी शोध कुठला असेल?

त्याच विषाणूच्या लशीची गोष्टही अशीच चुकतमाकत घडली. मुलींना दोन डोस पुरतील की तीन लागतील, याचा अभ्यास २००९ मध्ये देशात सुरू झाला; बार्शी, पुणे, मुंबई त्यात होती. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये लस दिलेल्या मुलींत अनेक आदिवासी होत्या, संमती नीट घेतली नव्हती, काही मुलींचे मृत्यू झाले होते. मृत्यूंचा लशीशी संबंध निघाला नाही, संमतीचा आक्षेप मात्र खरा होता. सरकारने देशातल्या सगळ्या अभ्यासांतलं या लशीचं लसीकरण थांबवलं, आणि हजारो मुली एकाच डोसावर राहिल्या. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवल्यावर दिसलं की एका डोसानेही मिळणारं संरक्षण जवळपास तेवढंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली, त्यामागे या मुलींची आकडेवारी होती. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लसही आली.

या परंपरेतली आणखी माणसं पुढे भेटतील. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हापासून तिथे काम केलेले वसंत रामजी खानोलकर, ज्यांनी माणसांच्या सवयी आणि कॅन्सर यांचं नातं चिकाटीने शोधलं. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे, ज्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या आरोग्याच्या नोंदी घेत हिंडल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेली, २०२३ मध्ये मान्य झालेली पेशंटच्याच पेशींना शिकवून पाठवण्याची उपचारपद्धतीही आहे. तंबाखूवर मात्र वेगळं प्रकरण नाही. मिश्री, विडी आणि २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा यांबद्दल लिहायचं ते लिहून झालं आहे; तिथे संशोधन संपलं, उरली ती अंमलबजावणी.

वाचकाला एक विनंती. ज्यांच्या घरात आत्ता पेशंट आहे त्यांनी हे पुस्तक नंतर वाचलं तरी चालेल. आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं हॉस्पिटल बसतं ते विचारून रेशनकार्ड घेऊन निघावं. बाकीच्यांनी सावकाश वाचावं. पहिलं प्रकरण १९५७ सालात, फिलाडेल्फियाजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत सुरू होतं. मनरो वॉल तिथे हजारभर झाडांचे अर्क बाटल्यांत भरून बसले आहेत, आणि त्यांना शोधायचं आहे ते कॅन्सरचं औषध नव्हे, तर कॉर्टिसोन स्वस्तात करण्यासाठी लागणारा कच्चा माल.